बेरिलचे गुरुवार

लेन फॉक्सॉलच्या घरासमोर जसं लॉन होतं तसं इंग्लंडमधल्या विलनहॉल गावात दुसरं नव्हतं. हे लेनचं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगत असे. चाळीस वर्षं कुलुपांच्या कारखान्यात काढलेला माणूस. केसाएवढी चूकसुद्धा त्याच्या डोळ्याला सुईसारखी टोचायची. घर घेतलं त्या वर्षीच त्याने गवत लावलं, आणि निवृत्त झाल्यावर तर उरलेली सगळी नजर तिथेच खिळली. एक पट्टा फिका, एक गडद, पुन्हा एक फिका. पोस्टमन बिचारा कडेच्या फरशीवरून अंग चोरून जायचा. शेजारच्या मांजराची तर बिशादच नव्हती.

अशा माणसाने बहात्तराव्या वर्षी बुलडॉगचं पिल्लू घ्यायचं मनावर घेतलं, त्याला कारण घडलं खाटकाच्या दुकानाबाहेर. लेन आणि त्याची बायको बेरिल शनिवारचे सॉसेज घेऊन बाहेर पडत होते. दाराशी कुणाचा तरी बुलडॉग बांधलेला होता. चेहरा चुरगळलेला, छाती रुंद, हनुवटीवरून लाळ लोंबतेय. बेरिलचे गुडघे इतके गेलेले की घरातला जिनासुद्धा ती कठड्याला धरून चढायची. तीच बेरिल त्या कुत्र्याला बघून फुटपाथवर चक्क मांडी घालून बसली. पाव तास त्याच्याशी काय बोलली कुणास ठाऊक, पण हसत होती. लेन सॉसेजची पिशवी घेऊन उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की हे हसू आपण कितीतरी वर्षांत ऐकलेलं नाही.

मग त्याला आठवलं. बेरिलने बुलडॉग तीनदा मागितला होता. एकदा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एकदा मुलगा मार्टिन शाळेत जायला लागला तेव्हा, आणि एकदा मार्टिन बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला कायमचा गेला तेव्हा. तिन्ही वेळा लेनने एकच विचारलं होतं, "आणि लॉनचं काय?" चौथ्यांदा तिने मागितला नाही. तिची हौस फिटली, असं लेनने धरून चाललं. आपल्या सोयीचं असलं की माणूस फार लवकर धरून चालतो.

जूनमध्ये लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार होती. तिला न सांगता पिल्लू आणायचं, तिच्या मांडीवर ठेवायचं आणि पुन्हा ते हसू ऐकायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. त्यापायी लॉनचा बळी गेला तरी चालेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि स्वतःच्या मोठेपणावर जरा खूशही झाला.

शोध सुरू झाला. कुत्र्यांच्या डॉक्टरकडे विचारलं, खाटकाला विचारलं, क्लबातल्या डार्ट्स खेळणाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं: टेकडीवरच्या गॉर्नलची नोरा हिंगली. "पण सांभाळून हां लेन," खाटीक म्हणाला, "ती बाई पिल्लू विकत नाही, मुलगी देते. घरात कोण, पगार किती, आजार कुठले, सगळं विचारते. गेल्या वर्षी एका वकिलाला तिने हाकलून दिलं. का, तर म्हणे हा घड्याळाकडे बघत होता."

लेनने फोन केला तोही शर्टाची वरची गुंडी लावून.

"घराला पायऱ्या किती?" पलीकडून थेट प्रश्न.

"दारात दोन."

"दिवसभर घरी कोण?"

"मी आणि बायको. दोघंही निवृत्त."

"घोरणं चालतं का? माणसाच्या वरताण घोरतात हे."

"मी स्वतःच घोरतो."

"नाव?"

"फॉक्सॉल. विलनहॉलहून बोलतोय."

पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. लाइन तुटली की काय, असं लेनला वाटलं.

"फॉक्सॉल," बाई शेवटी म्हणाली. "मंगळवारी सकाळी दहाला या." आणि फोन ठेवला.

आपल्या नावाला अजून वजन आहे, अशी लेनने समजूत करून घेतली.

मंगळवारी बेरिलला डॉक्टरकडे गुडघे दाखवायचे होते. लेनने तिला तिथे सोडलं, तोवर क्लबात बसून येतो अशी थाप मारली आणि टाय लावून गॉर्नलचा चढ चढला. नोरा हिंगली दारातच उभी होती. पंच्याहत्तरीची, आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेली. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कशी आहे छाती आता?" ती म्हणाली.

"कुणाची?"

"तुमची हो. चढ चढून आलात, धाप नाही लागली?"

"मला काय धाड भरलीय? माझी छाती घोड्यासारखी आहे."

नोरा आत वळली, तसा लेन मागोमाग गेला. स्वयंपाकघर उबदार होतं. कोपऱ्यात लाकडी खोक्यात चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती आणि त्यांची आई, जाडजूड पांढरी बेसी, शेगडीपाशी पसरली होती. तिने लेनकडे एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. लेनचं लक्ष मात्र भिंतीकडे गेलं होतं. तिथे फोटोच फोटो होते. प्रत्येक फोटोत तेच खोकं, वेगवेगळी पिल्लं, आणि खोक्याशेजारी बुटक्या स्टुलावर एक बाई. एकात केस तपकिरी, एकात करडे, एकात पांढरे. अंगात मोहरीच्या रंगाचं स्वेटर. हे स्वेटर तुला शोभत नाही, असं लेननेच तिला सांगितलं होतं.

"ही बेरिल आहे," तो म्हणाला.

"मग कोण असणार? बसा. उभ्याने कोसळाल."

नोराने चहा ओतला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. बुलडॉगच्या पिल्लांची डोकी मोठी, म्हणून आईचं पोट फाडून ती काढावी लागतात. आई गुंगीत असते, आणि शुद्धीवर आली तरी वेंधळी. झोपेत कूस बदलली की पिल्लू खाली चिरडतं. म्हणून पहिले पंधरा दिवस रात्रंदिवस कुणीतरी खोक्याशेजारी बसून पहारा द्यावा लागतो. अकरा वर्षं दर गुरुवारी तो पहारा बेरिलने दिला होता. पिल्लं नसतील तेव्हा मोठ्या कुत्र्यांच्या सुरकुत्या पुसायला यायची.

"गुरुवारी ती तिच्या बहिणीकडे जायची," लेन म्हणाला. "सेजलीला. आयरिसकडे."

"आयरिसकडे पाच मिनिटं टेकत असेल. बाकी दिवस इथे." नोराने बिस्किटांची थाळी त्याच्यापुढे सरकवली. "मी कितीदा म्हटलं, बाई, एक पिल्लू घेऊन जा. तुझ्याकडून पैसे कोण मागतंय? तर म्हणायची, नवऱ्याची छाती नाजूक आहे, कुत्र्याच्या केसाने दम लागतो, जिवावर बेतेल. मी तुमच्यासाठी हंसाची चरबी पाठवली होती, छातीला चोळायला. मोठी बरणी. आला का काही गुण?"

लेनला ती बरणी आठवली. कामाची आहे, ठेव, असं म्हणून बेरिलने दिली होती. ती चरबी त्याने गवत कापायच्या यंत्राच्या चाकांना लावली होती.

त्याने तसं सांगितलं. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "माझी छाती ठणठणीत आहे, मिसेस हिंगली. जन्मभर होती. मी कुत्रा घेऊ दिला नाही तो लॉनसाठी."

"कशासाठी?"

"गवतासाठी. कुत्र्याच्या मुताने गवतावर पिवळे डाग पडतात."

नोरा त्याच्याकडे बघतच राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर लेनला बरं वाटलं असतं. "अकरा वर्षं रविवारच्या प्रार्थनेत मी तुमच्या छातीसाठी मागणं मागितलं," ती म्हणाली. "देव काय म्हणाला असेल मला?"

मग तिने शेवटचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या वेतात एक पिल्लू होतं, पांढरं, एक कान बदामी. बेरिलने त्याचं नाव हॉरेस ठेवलं. तेवढ्या एकासाठी ती घरी विचारणार होती; नक्की विचारते म्हणाली होती. बाकीची पिल्लं आठव्या आठवड्यात गेली, पण हॉरेसला नोराने सोळा आठवडे थांबवून ठेवलं. एका गुरुवारी बेरिल आली, हॉरेसला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसली आणि जाताना म्हणाली, देऊन टाक कुणाला तरी. तो वेल्समध्ये गेला. बेरिल त्यानंतर आली नाही.

आयरिस समुद्रकाठी राहायला गेली, आता गुरुवारी जायला नको, असं बेरिल दोन वर्षांपूर्वीच म्हणाली होती. त्याच्या आदल्या दिवशीचं जेवण लेनला आठवलं. तिने त्याच्या आवडीचे मटणाचे गोळे आणि वाटाणे केले होते, टेबलावर चांगला कपडा घातला होता आणि म्हणाली होती, "लेन, माझ्या मनात एक आहे." तेवढ्यात खिडकीतून त्याला गवतावर शेजारचं मांजर दिसलं. तो चमचा टाकून बाहेर धावला. परत येईपर्यंत जेवण निवलं होतं. तिच्या मनात काय होतं, हे त्याने विचारलंच नाही.

बायको आपल्यापासून लपवत होती, याचा राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण तो येईना. लपवून तिने राखली होती ती त्याचीच अब्रू. नवरा गवतासाठी नाही म्हणतो, हे चारचौघांत सांगायची तिला लाज वाटली म्हणून तिने त्याला आजारी ठरवलं होतं.

"मला यातलं एक द्या," तो म्हणाला. "आजच. कितीही सांगा."

"भेट म्हणून मी कुत्रं देत नाही. कुणालाच नाही. शनिवारी तिला घेऊन या. तिने तिच्या तोंडाने मागितलं पाहिजे."

शनिवारी लेनने बेरिलला गाडीत घातलं. कुठे चाललोय ते सांगणार नाही, म्हणाला. गाडी गॉर्नलच्या चढाला लागली तशी बेरिलची बडबड बंद झाली. पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. नोराच्या दारापुढे गाडी थांबली तेव्हा ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "इथे कोण राहतं?"

आपल्याला सगळं कळलंय, हे सांगायचं धैर्य लेनला काही झालं नाही.

आणि पुढे दारात जे नाटक झालं त्याला तोड नव्हती. "मिसेस फॉक्सॉल ना? या, या. मी नोरा हिंगली." "भेटून आनंद झाला. छान आहे हो घर तुमचं." दोघींनी हात मिळवले. भिंतीवरचे फोटो नोराने काढून ठेवले होते. त्या जागी फिके चौकोन दिसत होते आणि तिकडे न बघण्याचा तिघंही आटापिटा करत होते.

नाटक बेसीने मोडलं. ती शेगडीपासून उठली, धापा टाकत, आडवीतिडवी चालत आली, बेरिलच्या बुटांवर आपलं भलंमोठं डोकं टेकवलं आणि म्हातारं माणूस कण्हतं तशी कण्हली. दोन वर्षांत तिला विसर पडला नव्हता.

"ती सगळ्यांशीच अशी वागते," नोरा घाईने म्हणाली.

"गोड आहे," बेरिल म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"बेरिल, मला सगळं कळलंय," लेन म्हणाला. "गुरुवारचं. छातीचं. हॉरेसचं. मंगळवारी मी इथे आलो होतो."

बेरिलने नोराकडे पाहिलं. नोराने खांदे उडवले. "मी काय करू? स्वतः टाय लावून आला होता."

"तू चिडलास?" बेरिलने नवऱ्याला विचारलं.

हा प्रश्न लेनला थोबाडीत मारल्यासारखा लागला. इतक्या वर्षांनंतरही तिला पहिली भीती तीच होती. "मी कशाला चिडू? उलट तू..." तो खोक्याकडे वळला. "यातलं निवड एक. कुठलंही. लॉन मी उकरून टाकतो, फरशी घालतो. आजच घेऊन जाऊ."

बेरिल बुटक्या स्टुलावर बसली. तिने खोक्यात हात घातला आणि एक पिवळसर पिल्लू उचललं. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. कापसाचा बोळा शेगडीवरच्या कोमट पाण्यात बुडवला, पिळला, पिल्लाच्या नाकावरची घडी अंगठ्याने उघडून पुसली आणि कोरडी केली. पिल्लाने जांभई दिली. बोळा कुठे असतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"बोल बेरिल," नोरा म्हणाली. "हवंय तुला?"

बेरिलने वर बघितलं ते लेनकडे. "हो तर. हवंच आहे. किती छान आहे. घेऊ या ना."

लेनने हा आवाज ओळखला. आयरिस बरी आहे, जेवण गार झालं तरी चालतंय, ते स्वेटर मी देऊन टाकलं, हे सगळं ती याच आवाजात सांगत आली होती. जन्मभर तो आवाज ऐकून त्याने हिला काही नको असं मानलं होतं. आता त्याला समजलं की ती हे पिल्लूही त्याच्यासाठीच घेणार होती. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

"खरं सांग," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडे बघू नकोस. पिल्लाकडे बघून सांग."

बेरिलने मान खाली घालून पिल्लाकडे पाहिलं.

"नको मला," बेरिल म्हणाली. "मी सत्तर वर्षांची आहे, लेन. मोठं झाल्यावर हे पंचवीस किलोचं होणार. गाडीत कोण चढवणार? तुझी ती कंबर, हे माझे गुडघे. उन्हाळ्यात यांचा श्वास अडकतो, तेव्हा उचलून पाण्याखाली धरावं लागतं. मी धरलंय, मला माहीत आहे त्याला काय लागतं. आणि हे गेलं तर पुरायची ताकद माझ्यात नाही." ती पिल्लाच्या कानामागे खाजवत होती आणि आवाज जराही चढला नव्हता. "माझ्यात ताकद होती तेव्हा तुझं गवत होतं."

लेनला माफी मागायची होती, पण ती कुठल्या वर्षापासून मागायची?

तेवढ्यात दार वाजलं. नोराने त्या दिवशी आणखी एक कुटुंब बोलावलं होतं. एक आडदांड तरुण गवंडी, हात घमेल्याएवढे, आणि त्याची बारकी, बडबडी बायको. दोन मुली आजीकडे ठेवून आले होते. महिनाभर नोराची उलटतपासणी झेलून आज पास झाले होते. गवंड्याने पिवळसर पिल्लू पाहिलं आणि घाबरून हात पाठीमागे घेतले.

"मोडेल माझ्या हातात," तो म्हणाला.

"घरं बांधतोस आणि याला भितोस?" त्याची बायको.

"घर वळवळत नाही."

"मोडत नाही रे," बेरिल म्हणाली. "ये इकडे. खाली बस. एक हात इथे, एक इथे. मागचे पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. आता छातीशी धर, तुझ्या काळजाचे ठोके त्याला ऐकू आले पाहिजेत. हं. बघ, घोरायला लागलंसुद्धा."

मग तिने त्यांना घडी पुसायला शिकवलं, शेपटीच्या खालचा खड्डा दाखवला, दुपारच्या उन्हात न्यायचं नाही, गळ्यात पट्टा घालायचा नाही, छातीला घालायचा, असं एकेक बजावलं. नोरा मुकाट चहा करत होती. मध्येच त्या बारकीने विचारलं, जिना चढू द्यायचा का, आणि बेरिल इतकी मोकळी हसली की लेनने मान वळवली. हे हसू ऐकण्यासाठीच तो निघाला होता. ते त्याला ऐकायला मिळालं, लोकांच्या पिल्लापायी.

गवंडी पिल्लाला छातीशी धरून लेनजवळ आला. "तुमची बायको म्हणजे कमाल आहे राव. किती बुलडॉग पाळलेत तुम्ही?"

"एकही नाही."

"काय सांगता! का हो?"

लेनच्या जिभेवर छातीचा आजार आला होता. ती सोय बेरिलने करून ठेवलीच होती, आणि आत्ताही तिने झटकन मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने ती वापरली असती तर तिने हो ला हो केलं असतं.

"तिला हवा होता," लेन म्हणाला. "मी नाही म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच."

गवंड्याने पिल्लाच्या पाठीवर थोपटलं आणि बायकोला म्हणाला, "चल गं, पोरी वाट बघत असतील."

ते गेल्यावर बेरिलने मांडीवरचा टॉवेल झटकला, घडी घातली आणि खोक्यातली उरलेली तीन पिल्लं पुन्हा एकमेकांजवळ सरकवली. लेनने तिचा कोट पुढे केला.

"तू जा घरी," ती म्हणाली. "मी बसते जरा नोराकडे."

"मी थांबतो ना गाडीत. कितीही वेळ लागू दे."

"नको. मी बसने येईन."

"बसने कशी येणार? तुझे गुडघे... इथून थेट बस तरी आहे का?"

"दोन बदलाव्या लागतात," बेरिल म्हणाली. "मला माहीत आहे."